कडी कुठल्या बाजूने?

‘तुंबाड’मध्ये पहिल्यांदा भीती कधी वाटली, हा प्रश्न मी बऱ्याच मित्रांना विचारलाय. बहुतेकांचं उत्तर एकच असतं: ‘म्हातारी जागी होते तेव्हा.’ मग मी विचारतो, त्याच्या आधी काय करत होतास? पॉपकॉर्न खात होतास? तेव्हा जरा आठवून ते सांगतात की नाही, हात डब्यातच थांबला होता. म्हणजे भीती आधी आली आणि म्हातारी नंतर. हा लेख त्या आधीच्या मिनिटांबद्दल आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आत्ताच सांगतो, पुढे सगळं फोडलेलं आहे.

राही अनिल बर्वेचा ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ला आला, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. नंतर तो हॉस्टेलवर लॅपटॉपवर पाहिला, एक इअरफोन माझ्या कानात आणि दुसरा रूममेटच्या. १३ सप्टेंबर २०२४ला तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. आमचे गौरी-गणपती आदल्याच दिवशी गेले होते, त्यामुळे मी पेणमध्येच होतो. शनिवारी पनवेलला जाऊन मोठ्या पडद्यावर पाहिला. या दोन वेळांच्या मध्ये आमच्या घरात बरंच काही झालं होतं. त्याकडे येतोच, आधी सिनेमा.

सुरुवातीला एक बाप आपल्या मुलाला गोष्ट सांगतो. समृद्धीची देवी, तिचा पहिला मुलगा हस्तर, त्याला सुटलेला सोन्याचा आणि धान्याचा लोभ, बाकीच्या देवांनी त्याच्यावर केलेला हल्ला, आणि देवीने त्याला पोटात घेऊन वाचवणं. अट एकच, की हस्तरची पूजा कधी होणार नाही. तुंबाडमधल्या एका घराने त्याचं देऊळ बांधलं, म्हणून देवांचा कोप पाऊस होऊन तिथे कोसळत राहतो. त्यानंतर सिनेमा जमिनीवर उतरतो. साल १९१८. एक आई, विनायक आणि सदाशिव ही तिची दोन मुलं, तिकडे वाड्यावर म्हातारे सरकार, आणि इकडे घरातल्या एका बंद खोलीत साखळीने बांधलेली एक म्हातारी. तिला वेळेवर जेवण द्यायचं. जागं होऊ द्यायचं नाही. जागी झालीच तर हस्तरचं नाव घ्यायचं.

पहिलं तंत्र इथेच आहे, आणि त्याला कॅमेराही लागत नाही. ते म्हणजे नियम. हिचकॉकने त्रुफोला दिलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण प्रसिद्ध आहे. दोन माणसं गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब ठेवलाय आणि तो कधी फुटणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकाव्या लागतात. ‘तुंबाड’मध्ये बॉम्बच्या जागी जेवणाची वेळ आहे. एकदा ‘वेळेवर’ हा शब्द पडला की प्रत्येक उशीर धोक्याचा होतो. सदाशिव पडतो, गंभीर जखमी होतो, आई त्याला घेऊन धावते आणि म्हातारीला जेवण भरवायचं काम लहानग्या विनायकवर येतं. तोवर पडद्यावर भीतीदायक काहीच दाखवलेलं नसलं तरी चालतं. चूल, पोरगं, ताट आणि उशीर, एवढं सामान पुरतं.

दुसरं तंत्र आवाजाचं. मी बॅकएंडवर काम करतो, त्यामुळे मला ते कामाच्याच भाषेत कळलं. आमच्याकडे सर्व्हर ठरावीक वेळाने एक छोटा सिग्नल पाठवत राहतो, त्याला हार्टबीट म्हणतात. तो येत असतो तेव्हा कुणी त्याच्याकडे बघतही नाही. अलार्म वाजतो तो सिग्नल न आल्यामुळे. ऑन-कॉल असताना रात्री तीनला मला उठवणारी गोष्ट बहुतेक वेळा ही असते: काहीतरी यायचं होतं आणि आलं नाही. बंद खोलीतून येणारं म्हातारीचं घोरणं हा त्या घराचा हार्टबीट आहे. ऐकायला भयंकर, पण तेच सुरक्षिततेचं लक्षण. आपण नकळत त्यावर कान लावून बसतो आणि ते थांबेल या भीतीने अर्धे होतो. वरून सतत पाऊस. पावसाचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, बारीकसारीक आवाज तो गिळून टाकतो, त्यामुळे घोरणं खरंच थांबलं की पावसात बुडालं, हे नीट कळत नाही. बर्वे आणि मंडळींनी वेगवेगळ्या पावसाळ्यांत खऱ्या पावसात चित्रीकरण केलं, त्याचा मोठा फायदा इथे दिसतो. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्यासाठी पाऊस हा घरातल्या पंख्यासारखा आवाज आहे. या सिनेमाने आमचा पंखाच भीतीच्या कामाला लावला.

तिसरं तंत्र झाकण्याचं. पंकज कुमारचा कॅमेरा दिव्याच्या उजेडाबाहेरचं फारसं काही आपल्याला देत नाही. कोपरे काळे राहतात. हेही नवीन नाही. ‘जॉज’ (१९७५) च्या पहिल्याच प्रसंगात मुलगी समुद्रात ओढली जाते आणि शार्क दिसतच नाही. पण पेणमध्ये वाढलेल्या पोराला हे समजायला स्पीलबर्ग लागत नाही. आमच्याकडे, हमरापूर-जोहे पट्ट्यात तर घरोघरी, गणपतीचे कारखाने आहेत. ऐन पावसाळ्यात शेडमध्ये प्लॅस्टिकच्या कागदाखाली शेकडो पांढऱ्या मूर्ती रांगेत बसलेल्या असतात. सोंड आहे, हात आहेत, पोट आहे, डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती सरावलेला हातच करतो. लहानपणी संध्याकाळी लाइट गेले की त्या शेडसमोरून मी पळत जायचो. एकदा डोळे आखले की तोच गणपती, त्याच रांगेत, एकदम ओळखीचा वाटायचा. तो माझ्याकडे बघतोय की नाही, हे ठरवता न येणं हीच तेव्हाची भीती होती. ‘तुंबाड’ म्हातारीचा चेहरा राखून ठेवतो तो याच हिशोबाने.

चौथं तंत्र इतकं उघड आहे की दिसत नाही: कॅमेरा दाराच्या कुठल्या बाजूला ठेवला आहे. तो मुलांच्या बाजूला आहे. पहिल्या भागात म्हातारीबद्दल जे काही कळतं ते इतरांकडून. ती काय आहे, तिला काय लागतं, तिच्यापासून कसं वाचायचं. ती इथे कशी आली, तिला काय हवंय, हे तेव्हा कुणी तिला विचारत नाही, आणि आपल्यालाही विचारावंसं वाटत नाही. मला वाटतं, आधीची तिन्ही तंत्रं या चौथ्याच्या जिवावर उभी आहेत. नियम बाहेरच्यांनी केलेला, आवाज बाहेरून ऐकलेला, अंधार बाहेरून पाहिलेला. प्रेक्षकाला घाबरवायचं असेल तर सगळ्यात आधी आतल्या माणसाची बाजू काढून घ्यायची.

गंमत म्हणजे ही आजी फार लांबून आलेली आहे. बर्वेने १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राकडून नारायण धारपांची एक गोष्ट ऐकली, तिथून ‘तुंबाड’ सुरू झाला. धारपांच्या त्या ‘आजी’ची पाळंमुळं स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या १९८४च्या कथेत आहेत. तिथेही मोठ्या भावाला दुखापत होते, आईला जावं लागतं आणि धाकटा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीसोबत घरात एकटा उरतो. सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. अमेरिकेतून पुण्यात, पुण्यातून खेड तालुक्यातल्या तुंबाडात, एवढा प्रवास झाला. चूल बदलली, पाऊस आला, सोनं आलं, हस्तर आला. पण गोष्ट पोराच्याच बाजूने राहिली, आणि आजी दाराच्या पलीकडे.

आता घराकडे येतो. माझं आजोळ रोह्याचं. पेणहून दिवा-रोहा गाडी पकडायची, कासू, नागोठणे, निडी, आणि मग रोहा. कौलारू घर, पुढे पडवी, मध्ये माजघर, आणि माजघराला लागून एक कमी उजेडाची खोली, जिथे घरातली सगळी बाळंतपणं झाली. आजीची खोली तीच. २०२१नंतर आजी विसरायला लागली. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलं. मामी शेजाऱ्यांना ‘वयाने होतं’ एवढंच सांगायची. मग एका रात्री आजी मागच्या दाराने बाहेर पडली आणि कुंडलिकेकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनवाणी सापडली. दुसऱ्या दिवशी मामाने तिच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. यात कुणी दुष्ट नव्हतं. मामाची पहाटेची शिफ्ट, मामीचे गुडघे, पावसाळ्यात फुगलेली नदी. दुसरं काय करणार?

मी पुण्यात होतो. माझ्याकडे वेळ नव्हता, पगार होता. मे २०२३मध्ये मी एक वाय-फाय कॅमेरा आणून आजीच्या कपाटावर बसवला. रात्री काही हाललं की माझ्या फोनवर नोटिफिकेशन.

‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ पाहिला असेल तर पुढचं तुम्हाला ओळखीचं वाटेल. ओरेन पेलीने तो स्वतःच्याच घरात, साधारण पंधरा हजार डॉलरमध्ये केला. त्याची मुख्य युक्ती म्हणजे बेडरूममध्ये ठेवलेला एक न हलणारा कॅमेरा. कोपऱ्यात घड्याळाचे आकडे पळत असतात, आणि ते एकदम नेहमीच्या वेगावर आले की आपण फ्रेमचा कोपरान् कोपरा शोधायला लागतो. कट नाही, क्लोज-अप नाही. कुठे बघायचं हे दिग्दर्शक सांगत नाही, म्हणून आपण सगळीकडे बघतो. मी कपाटावर नेमकी तीच फ्रेम लावली होती.

जुलै २०२३. खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली तो आठवडा. रायगडला पाऊस झोडपत होता आणि जिल्ह्याबाहेर राहणारे आम्ही सगळे फोनला चिकटलेलो. रात्री पावणेतीनला नोटिफिकेशन आलं. उघडलं तर आजी पलंगाच्या कडेला बसलेली, दाराकडे तोंड करून. इन्फ्रारेडमध्ये केस पांढरे, लुगडं पांढरं, आणि कॅमेऱ्याकडे मान वळली की डोळ्यांत दोन चमकते ठिपके. ती हलत नव्हती. आकडे पुढे सरकत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मध्येच ओठ हलायचे. मी फ्लॅटमध्ये एकटा होतो आणि उठून हॉलचा दिवा लावला. जिने मला घास भरवले तिचं मला भय वाटत होतं, आणि का वाटतंय हे मला तंत्रासकट सांगता आलं असतं.

ॲपमध्ये लाइव्ह व्ह्यू मुळात आवाज बंद ठेवूनच उघडतो. स्पीकरचं चिन्ह दाबावं लागतं. ते मी दाबलं.

आधी पाऊस आला. कौलांवरचा, आणि त्याखाली पागोळ्यांचा वेगळा, एकसारखा. मग आजीचा आवाज. अगदी साधा, रोजच्या चौकशीचा. ‘पाणी कुठवर आलं गं?’ थोडं थांबायची. उत्तर आलं का, ऐकायची. पुन्हा, ‘पायरीपर्यंत आलं का?’

घरात येणारं पुराचं पाणी तिने तरुणपणी पाहिलं होतं. धान्याची पोती माळ्यावर चढवल्याची गोष्ट आम्ही शंभरदा ऐकलेली. म्हणजे त्या खोलीत एक भयपट चालूच होता, फक्त नायिका ती होती. नियम तिचा होता: पाणी पायरीवर आलं की पोरांना उचलायचं. आवाज तिला ऐकू येत होता, पाऊस. अंधार होता. दार बाहेरून बंद होतं आणि पलीकडून कुणी बोलत नव्हतं. आमच्या बाजूने ती रात्री उठून बसणारी म्हातारी. तिच्या बाजूने ती घरातली एकटी जागी बाई.

कॅमेऱ्यात बोलायचीही सोय होती. बटण दाबून मी पुण्यातून सांगू शकलो असतो की पाणी नाही आलं. बोट बटणापर्यंत गेलंही. मग डोक्यात आलं, रात्री तीन वाजता कपाटावरून नातवाचा आवाज येणार, शरीर नाही. त्या खोलीतलं भूत मी झालो असतो. मी मामीला फोन केला. पडद्यावर कडी सरकल्याचा आवाज आला, दार उघडलं, मामी आत आली आणि म्हणाली, ‘आई, पाणी उतरलं. पायरीच्या खाली गेलं. पडा तुम्ही.’ आजीने विचारलं, ‘पोरं?’ ‘झोपलीत सगळी.’ आजी आडवी झाली.

तो काही रामबाण उपाय नव्हता. काही रात्री ‘पाणी उतरलं’ पुरायचं, काही रात्री नाही. पण त्या पावसाळ्यात मामी आजीच्या खोलीत झोपायला लागली आणि कडी आतून लागायला लागली. मामीची झोप त्यात कायमची तुटली. माझ्या कॅमेऱ्यात तेही कुठे दिसायचं नाही, कारण तिची गादी फ्रेमच्या खाली होती. डिसेंबरात आजी गेली.

पुढच्या सप्टेंबरात पनवेलच्या थिएटरमध्ये ‘तुंबाड’ बघताना घाबरलो का? घाबरलो. तंत्र ठाऊक असल्याने भीती कमी होत नाही, हा माझा अनुभव आहे. पेपर फुटला तरी घाम फुटतोच. पण एक फरक होता. हॉस्टेलवर पाहिला तेव्हा दुसऱ्या भागातला एक प्रसंग मला रेंगाळल्यासारखा वाटला होता. या वेळी तोच आठवत राहिला. १९३३मध्ये मोठा झालेला विनायक त्या म्हातारीकडे परत येतो. ती अजून जिवंत आहे, तिच्या शरीरातून झाड उगवलंय. आणि आता ती बोलते. खजिन्याचं गुपित सांगते आणि बदल्यात एकच मागते: मला यातून सोडव. विनायक तिला जाळून मोकळं करतो. दिसायला ती पहिल्या भागातल्यापेक्षा कितीतरी भयंकर आहे, तरी थिएटरमध्ये कुणी डोळे झाकले नाहीत. माझ्या शेजारचा मुलगा तर पुढे झुकून ऐकत होता. पंधरा वर्षांनी तिची बाजू तिच्या तोंडून आली आणि पहिल्या भागातली सगळी यंत्रणा सैल पडली.

कॅमेरा ‘त्या’च्या बाजूला नेला की आपोआप त्याची बाजू कळते, असंही नाही बरं का. ‘हॅलोवीन’ (१९७८) ची सुरुवात आठवा. जॉन कारपेंटर आपल्याला खुन्याच्याच डोळ्यांत बसवतो. घराभोवती फिरतो, सुरी उचलतो, मुखवटा चढवल्यावर तर त्याच्या दोन भोकांतूनच बघतो. शेवटी मुखवटा निघतो आणि समोर सहा वर्षांचं पोरगं. एवढा वेळ त्याच्या डोळ्यांनी बघून आपल्याला त्याच्या मनातलं एक अक्षर कळलेलं नसतं. मीही आजीच्या खोलीत, तिच्याच कपाटावर डोळा बसवला होता आणि दोन महिने मला फक्त हालचाल दिसत होती.

यामुळे भयपट वाईट ठरत नाहीत. भयपटाचं कामच ते आहे, आणि ‘तुंबाड’ ते इतकं चोख करतो की सहा वर्षांनी लोक पुन्हा तिकीट काढून गेले. फक्त हीच तंत्रं सिनेमाबाहेरही वापरली जातात, आणि तिथे ती कुणी मुद्दाम वापरत नसतं. घरात आधी कडी येते, मग नियम येतात, मग पोरांना ‘तिकडे जाऊ नका’ सांगितलं जातं. तिथून पुढे खोलीतला प्रत्येक आवाज आपोआप पार्श्वसंगीत होतो.

‘तुंबाड’चा पहिला भाग पुन्हा बघणार असाल तर तीनदा बघा. एकदा डोळे मिटून, म्हणजे पाऊस आणि घोरणं यांनी किती काम केलंय ते कळेल. एकदा आवाज बंद करून, म्हणजे दिव्याच्या उजेडाची हद्द कुठे संपते ते दिसेल. आणि तिसऱ्यांदा दाराच्या पलीकडे बसून. तिथे काय ऐकू येत असेल याचा अंदाज घ्या: पाऊस, साखळी, दोन पोरांची कुजबुज, आणि जेवण घेऊन येणाऱ्या पावलांना झालेला उशीर.